फुकटच्या बैलाचे दात

सालेकशाकडच्या जंगलातल्या कोसमटोला या वस्तीत कोणाची गाय हरवली, की लोक पोलीस पाटलाकडे जात नसत, दसरू मडावीकडे जात. तो गायीचा रंग विचारत नसे. "कोन्या अंगानं गेली?" एवढंच विचारी, डोळे मिटी आणि तिकडचा झरा, टेकडी, दगड नावानिशी सांगून मोकळा होई. गाय तिथंच सापडे. तीस उन्हाळे रोजंदारीवर वणवे विझवत फिरलेला माणूस तो, सगळं जंगल त्याच्या पायांना पाठ होतं.

खरं तर अशी माणसं टोल्यात दोन होती. खालच्या अंगाच्या जागांची नावं दसरूला यायची आणि वरच्या अंगाची मंगरूला. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मंगरू गेला. त्याला माती देऊन आल्यावर दसरू अंगणात बसून बोटं मोजू लागला. मोजून झाल्यावर सुनेला म्हणाला, "चमेली, चौदा नावं गेली वो, त्याच्यासंगं." वरच्या अंगाच्या एका डोंगराचं नाव कुठल्याशा जनावरावरून होतं, एवढंच त्याला आठवे. कोणतं जनावर, ते काही केल्या जिभेवर येईना. वयाच्या सत्तरीत त्याला पहिल्यांदा भीती वाटली. आपण गेलो की उरलेलंही जाणार.

चमेली ग्रामसभेची सचिव होती. सरकारी नकाशावर त्यांच्या जंगलाला नुसते आकडे होते. नावांसकट आपला नकाशा आपणच करू, मामाजी आहेत तोवर, असं तिनं ग्रामसभेत मांडलं. तेंदूपत्त्याच्या पैशातून पंचेचाळीस हजार मंजूर झाले. त्यातच संगणक घ्यायचा होता आणि जंगलाची सीमा चालून जागा टिपणाऱ्या आठ जणांची मजुरीही भागवायची होती. खरेदीला दसरूनं जावं असंही ठरलं, कारण टोल्यातले सगळे बैल आजवर त्यानंच पारखले होते. यावर कोणी हसलं नाही. बैल काय नि संगणक काय, पैसा ग्रामसभेचा!

गोंदियाला फुलचूरच्या रस्त्यावर मुन्नालालचं संगणकाचं दुकान आहे. त्यानं दसरू आणि चमेलीला बसवलं, चहा सांगितला आणि सगळ्यात आधी मॅक लॅपटॉप काढला. चांदीच्या ताटासारखा चकचकीत. "लाख के ऊपर जायेगा काका, पर चीज है," तो म्हणाला. मग त्यावर उपग्रहानं टिपलेलं चित्र उघडलं आणि चमेलीनं बोटानं सरकवत सरकवत कोसमटोला मधोमध आणला.

दसरू पुढे वाकला. झऱ्याची काळी रेघ, तलाव, कौलं, आणि घरामागचा तो मोह, ज्याच्याखाली तो लहानपणी आईबरोबर फुलं वेचायचा. जन्मभर खालून पाहिलेलं जंगल वरून असं दिसतं होय! नकळत त्यानं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"बडादेवाले असंच दिसत असन," तो हळूच म्हणाला. मग संगणकावर हात ठेवून, "हाच घेऊ."

"मामाजी, आपल्यापाशी याच्या अर्धेबी पैसे नाईत."

मुन्नालालनं दुसरा लॅपटॉप पुढे केला. विंडोजचा, नवा कोरा, बेचाळीस हजार. सगळीकडे हाच चालतो, सरकारी ऑफिसात फाईल दिली तर बिनबोभाट उघडते, बिघडला तर गल्लीगल्लीत दुरुस्त करणारे आहेत. चित्रही झकास होतं. दसरूची मान हलू लागली होती, तेवढ्यात चमेलीनं विचारलं, "मंग चालनाऱ्याइले काय देवाचं? तीन हजारात आठ मानसं?" संगणक दावणीला बांधून ठेवायचा आणि नावं जंगलातच राहू द्यायची, असा तो सौदा होता. दसरूनं तो लॅपटॉप मागे सरकवला.

तेव्हा मुन्नालालनं काहीशा अनिच्छेनंच कोपऱ्यातला एक काळा, जाडजूड लॅपटॉप काढला. कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसातून निघालेला, नवी बॅटरी घालून सोळा हजार. आत विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टीम.

"खोल," दसरू म्हणाला.

"क्या?"

"दात पाहल्याबिगर मी दावं हाती धरत नाई."

मुन्नालालनं स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं. हा पंखा, ही बॅटरी, ही मेमरी. ही उद्या वाढवता येईल. मॅकची मेमरी पुढे वाढवता येत नाही, ती घेतानाच ठरवावी लागते, हेही त्यानं सांगून टाकलं. दसरूनं प्रत्येक भागाकडे निरखून पाहिलं. त्यातलं त्याला काय कळलं ते बडादेवच जाणे, पण चेहरा मात्र जाणकाराचा होता. मग कोसमटोल्याचं चित्र मागवलं. ते तुकड्यातुकड्यानं, रांगत आलं, पण आलं. तोच झरा, तोच मोह.

"जंगल त तेच हाय," दसरू म्हणाला. "आतली सिस्टीम कितीची?"

"फ्री. नक्शा बनाने का प्रोग्राम भी फ्री."

दसरूचा चेहरा पडला. "फुकट? मंग याच्यात खोड काय हाय?"

"अरे काका, दान की बछिया के दाँत नहीं गिने जाते."

"मी त मोजतो. कोनं बनवलं हे?"

मुन्नालालनं हात पसरले. दुनियाभरचे हजारो लोक आहेत, म्हणाला. कोणी एक ओळ लिहितो, कोणी दुसऱ्याची चूक सुधारतो. काहींना त्याचा पगार मिळतो, पुष्कळांना दमडीही नाही. ओळख ना पाळख, पण वापरायला सगळ्यांना मोकळं.

दसरू स्टुलावर बसून राहिला. इर्जिक त्यानं जन्मभर केली होती. एखाद्याचं शेत मागं पडलं की सगळा टोला नांगर घेऊन त्याच्या बांधावर जातो. मजुरी घ्यायची नाही, काम झाल्यावर त्याच्या घरी पोटभर जेवायचं. पण ती तीस घरांची, ओळखीपाळखीची इर्जिक. इथं तर न पाहिलेली हजारो माणसं कोसमटोल्याच्या दसरूचं शेत नांगरून निघून गेली होती, जेवायलासुद्धा थांबली नव्हती. एवढी मोठी इर्जिक जगात चालते आणि आपल्याला ठाऊकच नाही!

"मंग जेवन कोनाले द्याचं?" त्यानं विचारलं.

"किसका खाना?" मुन्नालालनं विचारलं. चमेलीनं त्याला इर्जिक समजावून सांगितली, तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "खाना कोई नहीं माँगता, काका. दुनिया का एक खुला नक्शा है, कोई भी उसमें लिख सकता है. आपके पास जो नाम हैं, उसमें डाल दो. सबके काम आयेंगे."

काळा लॅपटॉप घेतला.

धान घरात आल्यावर आठ माणसं सीमा चालली. दसरू पुढे, फोनवर जागा टिपत चमेली मागे. एकसष्ट नावं झाली. त्यातलं एक, देवाच्या जागेचं, त्यानं नकाशावर घालू दिलं नाही, "ते आपल्यापाशी राहू दे," म्हणाला. बाकीची साठ चमेलीनं खुल्या नकाशावर चढवली. मंगरूच्या चौदा जागांवर नुसते ठिपके पडले. ते पाहताना दसरूला मंगरूच्या रिकाम्या खाटेची आठवण येई, आणि तो नजर दुसरीकडे वळवी.

मोह गळू लागला होता तेव्हाची गोष्ट. दुपारी चमेलीनं नकाशा उघडला आणि ती थबकली. "मामाजी, इकडं या. वरच्या अंगाच्या एका ठिपक्यावर नाव हाय. मी नाई टाकलं."

"वाच."

"कोंदामट्टा."

गोंडीत कोंदा म्हणजे बैल. बैलाचा डोंगर! दसरूनं कपाळावर हात मारला. जन्मभर बैलांचे दात मोजले आणि हेच विसरलो, म्हणत तो हसू लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"कोनं लिवलं?"

"डोंगराच्या पल्याडचं कोनी असन, छत्तीसगडातलं. खरं नाव नाई दिलं त्यानं."

दसरूनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तो कोण, कुठला, त्यानं का लिहिलं, काही कळायचा मार्ग नव्हता. तो नांगर चालवून निघून गेला होता.

"आज भात जास्तीचा मांड, पोरी. जो येईन त्याले वाढ," दसरू म्हणाला. मग त्यानं बोटं उघडली, सावकाश मोजली आणि शेवटचं बोट मिटून घेतलं.

"आता तेराच रायले."