जिन्यातली ती

"कोण मागे आली, आजी?" ईसीजीची पट्टी हातात धरून डॉक्टर मुलीने विचारलं.

मी म्हटलं, "ती. आमच्या जिन्यातली."

पट्टीकडे पुन्हा एकदा बघून ती म्हणाली, "आजी, हा हार्ट अटॅक आहे. आता उठायचं नाही."

काहीतरीच काय! हार्टचे पेशंट आमचे हे. त्यांच्याच तपासणीला आम्ही आलो होतो. माझ्या छातीत तर साधी कळसुद्धा नव्हती.

पण ती कोण, ते आधी सांगते. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दुसऱ्या वळणावर जिना जरा काळोखाच आहे. भर दुपारी बाजाराची पिशवी घेऊन चढलं, की तिथे ती पाठीवर बसते असं बायका सांगायच्या. तेही उतारवयातल्या बायकांच्याच. बाप्यांना ती शिवत नाही. पाठ जड होते, जबडा आवळतो, गार घाम सुटतो. घटकाभर तिथेच टेकलं की सोडते.

माझ्या सासूबाई म्हणायच्या, "गो, गळ्यात हात घालून बसता ती." मी त्यांच्यावरून नारळ उतरवला आणि वळणावर ठेवला. चौथ्या दिवशी त्या तिथेच भिंतीला टेकून बसलेल्या सापडल्या. डोळे उघडे होते. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं.

ह्यांच्या छातीत दुखलं तेव्हा मात्र अख्खी चाळ धावली होती. पंधरा मिनिटांत टॅक्सी दारात.

गेल्या दिवाळीनंतर ती माझ्या पाठीवर बसली. कोणाला बोलले नाही. ह्यांचं पथ्यपाणी कोण बघणार? आणि खरं सांगते, मी फार घाबरले होते. गुपचूप नारळ ठेवला. बाजाराची वेळ बदलली, तर ती सकाळीही यायला लागली.

त्या दिवशी परळच्या हॉस्पिटलात लिफ्टला ही रांग, म्हणून जिन्याने चढले. पहिल्याच वळणावर तिने मागून गळ्याला हात घातला. चाळ कुठे, हॉस्पिटल कुठे! कठडा धरून मी तिथेच टेकले. "ती इथपर्यंत मागे आली," एवढंच सिस्टरला बोलले, आणि तिने मला थेट ईसीजीला नेलं.

रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं निघालं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं म्हणे. मग अँजिओग्राफी, म्हणजे हातातल्या नसेतून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघतात. एक जवळजवळ बंद होती. तिच्यात स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी बसवली.

आयसीयूत डॉक्टर मुलगी खाटेशी बसून म्हणाली, "पाळी गेल्यानंतर बायकांचा धोका वाढत जातो. पण त्यांच्या छातीत दुखेलच असं नाही. पाठ, जबडा, दम, मळमळ, नुसता थकवासुद्धा. चढताना येतं आणि बसलं की थांबतं, त्याला अँजायना म्हणतात. हृदयाला रक्त कमी पडतं." मग हळूच विचारलं, "चाळीत किती जणींना धरलंय तिने?"

मी बोटांवर मोजायला लागले. सासूबाईंच्या बोटाशी थांबले आणि रडूच फुटलं. त्या मुलीचे उपकार मी कसे फेडू? तिने मला वेड्यात काढलं नाही. बायांनो, तुम्हीही अंगावर काढू नका गं.

टॅक्सीने घरी आले ती वेळ दुपारचीच; टॅक्सीवाला खाली पाणी प्यायला थांबला. हे पिशवी घेऊन पुढे, मी एकेक पायरी मागे. दुसऱ्या वळणावर नारळ होता. माझा कधीच कोणीतरी झाडून नेला होता. हा ताजा, ओल्या कुंकवाचा. कुंकवाचे थेंब पायऱ्यांवरून वर गेले होते, आमच्या शेजारी एकटी राहणाऱ्या शेवंताच्या दारापर्यंत.

उतरवलेला नारळ कोणी ओलांडतसुद्धा नाही. मी उचलला. "आई, तुमच्या वेळी मला कळलं नाही हो," म्हटलं, आणि शेवंताची कडी वाजवली.

ती जबडा धरून उभी होती. माझ्या हातातला नारळ बघून पांढरीफटक पडली. "तुला कोणी सांगितलं गो?"

"चप्पल घाल," मी म्हटलं, आणि ह्यांना ओरडले, "अहो, गॅलरीतून हाक मारा, टॅक्सी जाऊ देऊ नका!"