लिफ्टमधली ‘का’ची गाणी

आमच्या घरी गाण्याच्या भेंड्या जपानीत खेळल्या जातात, हे नागपूरला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग पोरीला बिघडवल्याबद्दल मलाच बोल लावतात. पोरगी बहरीनमध्येच वाढली. इंग्रजी शाळेत जाते, मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत देते. जपानी कार्टून बघून तिला तिकडच्या गाण्यांचं वेड लागलं. मोबाइलमध्ये ती गाणी पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेली असतात, त्यावरून तिने अक्षरंही शिकून घेतली. मला जपानी ओ की ठो कळत नाही. म्हणून आम्ही तोडगा काढला: एका दिवसाला एक अक्षर, तिने जपानी गाणं म्हणायचं, मी मराठी. नुसतं नाव सांगून भागत नाही, निदान एक ओळ गायची, नाहीतर भेंडी चढली.

त्या दिवशी अक्षर होतं ‘का’. शाळेतून तिला घेऊन येताना गाडीतच खेळ सुरू झाला होता आणि ती माझ्यावर भेंड्या चढवत सुटली होती. सप्टेंबर लागला तरी ऊन हटायला तयार नव्हतं, वर हवेत धूळ. तिला दमा आहे. अशा दिवशी मी तिला गाडीतून थेट लिफ्टमध्ये आणि लिफ्टमधून थेट घरात नेतो.

आम्ही जुफैरला एका उंच इमारतीत राहतो. पार्किंगमधून वर जाताना लिफ्ट तळमजल्यावर थांबली. समोर नातूर, म्हणजे आमच्या इमारतीचा राखणदार, माझं पार्सल हातात धरून उभा होता. ते घ्यायला मी बाहेर आलो. दार माझ्या पाठीमागे बंद झालं आणि लिफ्ट तिला घेऊन वर गेली. यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. तेवढ्यात सगळे दिवे गेले.

तिचं दप्तर माझ्या खांद्यावर होतं. दम्याचा पंप दप्तरात होता. तिचा फोनही दप्तरातच होता.

मी जिना चढलो तो कसा, ते मला आठवत नाही. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दारावर हात आपटत हाका मारत गेलो. चौथ्यावर तिचा आवाज आला, खालून, जाड पत्र्याआडून. “पप्पा, इट्स व्हेरी हॉट.” लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. मी फटीत बोटं घालून दार ओढलं. ते तसूभर हललं नाही, नखं मात्र तुटली.

नातूर धापा टाकत वर आला. “लिफ्टवाले को फोन किया साब. बुदैया से निकला है. दस मिनट, इंशाल्ला.” बुदैया म्हणजे बेटाचं दुसरं टोक, आणि या देशात दहा मिनिटांपुढे इंशाल्ला लागलं की तासही लागू शकतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्याच्यावर ओरडलो. तो बिचारा पुन्हा फोन लावायला खाली गेला. बायको नर्स आहे, ती ड्यूटीवर होती आणि फोन उचलत नव्हती. मी बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणायला लागलो, तर लहानपणापासून पाठ असलेलं त्रिसरण दुसऱ्या ओळीपुढे जाईना. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो.

आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. ती गप्प झाली की मला भलतंसलतं दिसायला लागायचं. मग मला खेळ आठवला.

“माय, ‘का’चं चालू ठेव,” मी दाराला तोंड लावून म्हणालो. “मी इथंच हाओ.”

आतून एका गाण्याची ओळ आली, बारीक आवाजात, मध्येच तुटलेली. मी माझं म्हटलं, बेसूर आणि रडवेलं. तिने दुसरं सांगितलं, पण नुसतं नाव.

“नुसतं नाव नाही चालत. भेंडी चढवू का?”

“नो सिंगिंग. जस्ट नेम्स,” ती म्हणाली.

मी मान्य केलं. नाव तर नाव. एक नाव यायचं, मी जीव मुठीत धरून पुढच्याची वाट बघायचो, आणि पुढचं यायचं. माझी मराठी गाणी केव्हाच संपली होती, तरी तिची संपेनात. प्रत्येक नाव ‘का’नेच सुरू व्हायचं. डोकं जाग्यावर असल्याशिवाय हे कसं जमेल, असं मी स्वतःला समजावत होतो. नावं हळूहळू छोटी होत गेली. जपानी लोक गाण्यांना इतकी आटोपशीर नावं देतात याचं मला त्या गडबडीतही कौतुक वाटलं. शेवटी शेवटी तर दोन-दोन अक्षरांचीच येऊ लागली.

मग तीही थांबली.

“काहून थांबली? बोलत राह्य, माय.” मी दाराला कान लावला. आतून काहीच ऐकू आलं नाही, कारण माझं रक्तच कानात धडधडत होतं. ती गेली, असं त्या क्षणी माझ्या मनाने धरलं.

लिफ्टवाला आला तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो. त्याने किल्लीने दार उघडलं. खालच्या अंधारात ती गुडघ्यांवर हात टेकून, खांदे वर ओढून बसली होती. ओठ निळसर पडले होते. मी पोटावर पडून पंप तिच्या हातात दिला. तिने तो ओढला, पुन्हा ओढला, मग आम्ही तिला वर घेतलं.

क्लिनिकला जाताना गाडीत ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “पप्पा, दे वेअर नॉट रिअल साँग्ज. ओन्ली द फर्स्ट फ्यू.”

“मग?”

“आय मेड देम अप. यू वेअर सो स्केअर्ड.”

मी गाडी चालवत राहिलो. श्वास पुरत नव्हता म्हणून तिने गाणं सोडलं, मोठी नावं सोडली आणि उरलेल्या श्वासात बापासाठी खोटी नावं रचली. आणि मी बाहेर बसून तिची तब्येत त्या नावांवरून मोजत होतो.

क्लिनिकमध्ये वसईची नर्स होती. तिने मुलीच्या बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला आणि मराठीत विचारलं, “आता कसं वाटतंय गं?”

मुलीने आधी माझ्याकडे बघितलं, मग छान हसली. “फाइन.”

“बघा, ती तर ठीक आहे म्हणते,” नर्स मला म्हणाली आणि चिमटा काढायला लागली.

“ती तसंच म्हणेल, ताई,” मी म्हणालो. “तुम्ही तिचं ऐकू नका. पुन्हा बघा.”