स्टोअरबाहेरचं अ‍ॅप आणि मैंदर्गीच्या मल्लव्वा

चौथा शनिवार होता, बँकेला सुट्टी. सकाळच्या एसटीने मैंदर्गीला गेले... आणि भर पालकसभेत माझंच वाक्य माझ्या गळ्यात आलं.

मैंदर्गीला, अक्कलकोटजवळ सीमेवरच्या गावात, माझी नणंद वैशाली मराठी शाळेत पहिलीला शिकवते. वर्गातली निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात. शाळेत आली की बिचारी गप्प... पाणी पाहिजे एवढंसुद्धा सांगता येत नाही.

म्हणून या बाईने दोन वर्षं खपून एक अ‍ॅप बनवलं. चित्रावर बोट ठेवलं की आधी कन्नड शब्द ऐकू येतो, मग मराठी. मराठी आवाज वैशालीचा, कन्नड मल्लव्वांचा. मल्लव्वा म्हणजे तिच्या वर्गातल्या रेणुकाची आजी, घरी शेळ्या-मेंढ्या. आणि रेणुका? शाळा सुरू झाल्यापासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. वैशालीच्या जिवाला तोच घोर लागलेला.

फोन घेतानाच त्यात जे स्टोअर असतं ना, तिथे हे अ‍ॅप वर्षभर छान चाललं. मग नवे नियम आले. हे कागद द्या, ते द्या, इतक्या लोकांकडून आधी वापरून घ्या... वैशालीने मेलवर मेल केले, प्रत्येक वेळी मशीनचं तेच ते उत्तर. आणि नेमकी शाळा सुरू होताना अ‍ॅप गायब!

शाळेच्या मोठ्या सरांचा, मुख्याध्यापकांचा, फोन महागातला, दुसऱ्या कंपनीचा. त्यात तर बाहेरून काही टाकायची सोयच नाही म्हणे. फोन सरांचा, पण आत काय ठेवायचं ते कंपनी ठरवणार... कमाल आहे की नाही?

बाकीच्यांच्या फोनवर नुसती फाईल पाठवूनही चालत होतं. वैशालीने ती पालकांच्या ग्रुपवर टाकली. एकानेही घेतली नाही. कारण? मी!

झालं असं, उन्हाळ्यात बँकेत रोज कुणीतरी रडत यायचं. लग्नपत्रिका म्हणून फाईल आली, उघडली, खातं साफ. म्हणून शाळेच्या महिला मेळाव्यात मी दणकून भाषण ठोकलं होतं. सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं, "स्टोअरच्या बाहेरचं घ्यायचं न्हाय!" टाळ्या घेतल्या, नारळ घेतला आणि घरी येऊन नवऱ्याला फुशारकीने सांगितलंसुद्धा.

आता वैशालीने फोन करून दम दिला, "वहिनी, तुम्हीच घातलाय हा घोळ, आता तुम्हीच येऊन निस्तरा." गेले.

सभेत मी म्हटलं, हे अ‍ॅप आपल्या बाईंचं आहे, बिनधास्त घ्या. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मल्लव्वा उठल्या.

"म्याडम, तवा न्हाय म्हनलात, आता घ्या म्हनताय. आमी कुटलं खरं धरायचं?"

मी काहीतरी सारवासारव करायला गेले, पण त्या थांबतात कुठल्या...

"शेळी अक्कलकोटच्या बाजारात घेतली काय आन् हितं दारात घेतली काय, तोंड उघडून दात बघितल्याबिगर आमी घेत न्हाय. तुमी आमाला बाजार तेवढा सांगितला की. दात बघायचं कुटं शिकवलं?"

खरं सांगते, कान गरम झाले. इतक्या वर्षांची नोकरी, इतकी ट्रेनिंग... आणि मी लोकांना नुसती भीती वाटून आले होते.

म्हटलं, चला, आत्ताच बघू दात. वैशालीचाच फोन घेतला, सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅप काय काय मागतंय ते मोठ्याने वाचायला लागले. मेसेज? नाही. कॅमेरा? नाही. फोनमधले सगळ्यांचे नंबर?... हो!

वैशालीचा चेहरा पडला. तयार साचा वापरून अ‍ॅप बनवलेलं, त्यातूनच हे नंबर मागणं आलं होतं, तिला पत्ताच नव्हता.

"ह्यो दात किडका हाय की, बाई!" मल्लव्वा म्हणाल्या, आणि सगळी सभा हसली. वैशालीही हसली, डोळ्यांत पाणी होतं तरी.

आणि गंमत बघा... हाच किडका दात घेऊन ते अ‍ॅप स्टोअरवर वर्षभर होतं. तिथे कुणी बघितला नाही. मीही नाही. स्टोअरवरचं म्हणजे चांगलंच, असं धरून बसले होते.

वैशालीने आठवडाभरात तो दोष काढला. पुढच्या शनिवारी रजा टाकून मी पुन्हा गेले. या वेळी भाषण नाही, एकेकीच्या शेजारी बसून तिच्याच हाताने तपासून घेतलं. मल्लव्वांनी तर दोनदा वाचायला लावलं, मगच होकार दिला.

कुणी म्हणेल, दुसरी स्टोअर्स आली तर चोरांचं फावेल. फावेलही, काउंटरवर रोज बघते मी. पण फोनला एकच दुकान असलं की वैशालीसारखीने एकदा तिथून बाहेर पडल्यावर जायचं कुठे? चार दुकानं असू देत, प्रत्येकाला कडक नियम असू देत, आणि आपल्याला तपासायला कुणीतरी नीट शिकवू दे. सरांच्या फोनमध्ये ते अ‍ॅप अजून गेलेलं नाही. जाईल, मला वाटतं जाईल.

परवा काउंटरवर गर्दी असताना वैशालीचा फोन आला. नुसती मुसमुसत होती. म्हटलं, अगं काय झालं, सांग तरी!

"वहिनी... रेणुका आज उठून उभी राहिली. म्हणाली, बाई, मला पाणी पाहिजे."

समोरच्या काकांना पाच मिनिटं थांबायला लावलं मी. माफ करा काका... पण आभार मानायला मैंदर्गीला फोन लावायचा होता, मल्लव्वांना.