शुक्रवारच्या चपला

आमचे अध्यक्ष कार्यक्रमाला आले की आधी हॉलमध्ये डोकावत नसत. दाराबाहेरच्या चपला बघत. चपला जिन्यापर्यंत गेलेल्या दिसल्या की चेहरा खुलायचा आणि भाषण लांबायचं. त्यामुळे काही अनुभवी मंडळी चपला पिशवीत घालून आत नेत, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

कुवेतमध्ये, फिंतासला मी आणि अध्यक्ष एकाच इमारतीत राहायचो. मी इस्पितळाच्या लॅबमध्ये. त्यांचं अम्गऱ्याच्या भंगारबाजारात जुन्या लाकडाचं नि पत्र्यांचं गोदाम. धंदा सगळा त्यांचा, पाटीवर नाव मात्र कफीलचं, म्हणजे ज्याच्या आडोशाने इथे दुकान थाटावं लागतं त्या कुवेती मालकाचं. बाहेरच्यांना इथे मताचा तर प्रश्नच नाही. मग उरलं मराठी मंडळ. तिथे ते दरवर्षी बिनविरोध निवडून येत, आणि तरीही दरवर्षी घरोघर फिरून प्रचार करत. "समोर कोणी नाही म्हणून गाफील राहायचं नसतं," म्हणायचे.

त्यांचं सगळं राजकारण एका वाक्यात होतं. "तिथी काहीही म्हणो, शुक्रवार बघा!" सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा पाडवा शुक्रवारी, संक्रांत शुक्रवारी. कोजागिरीचा चंद्र अंमळ झिजलेला असे. कोणी कुरकुरलं तर म्हणत, "चंद्राला काय धाड भरली आहे? नर्सबाईंच्या ड्युट्या बघा आधी."

पण जीव गावात अडकलेला. "इथली माणसं मंडळाकडे येतात रे. एकदा आपल्या गावी, आपल्या दारात चपला बघायच्यात," असं एकदा गाडीत बोलून गेले. आणि खरोखरच गावी जाऊन सरपंचपदाला उभे राहिले.

मी तेव्हा रजेवर चिपळूणला होतो, त्यांचं गाव तिथून जवळच, म्हणून त्यांच्या मोठ्या सभेला गेलो. अंगणात मांडव, कर्णे, चहाचं पातेलं, सगळं जय्यत. वेळ सकाळची, वार अर्थातच शुक्रवार. पडवीच्या पायरीशी चपलांचे तीन जोड होते: त्यांचा, त्यांच्या धाकट्या भावाचा आणि माझा.

"माणसं कुठायत?"

"दादा, आज शुक्रवार," भाऊ हळूच म्हणाला. "माणसं कामाला गेली. सुट्टी रविवारी असते इकडे."

ते पायरीकडे बघत राहिले. मग आम्हा दोघांसमोर सगळं भाषण केलं, एक वाक्य न गाळता. मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

परत आल्यावर मंडळात म्हणाले, "थोडक्यात हुकलं." मी मान डोलावली.

पुढे कफील वारला, त्याच्या मुलांनी गोदाम विकलं आणि अध्यक्षांचा इथला मुक्काम संपला. ते कायमचे गावी गेले. यंदा एका मंगळवारी भावाचा फोन आला. "दादा गेले."

"माणसं आली होती का?" मी विचारलं. का विचारलं ते मलाच ठाऊक.

"आली की थोडी. कामाचा दिवस ना."

आमच्याकडे शोकसभा कधी ठेवायची यावर चर्चासुद्धा झाली नाही. शुक्रवारी ठेवली. फोटोसमोर कोणीतरी भाषण लांबवत होतं, तेव्हा मी उठून दाराबाहेर आलो. चपला जिना उतरून खालच्या मजल्यापर्यंत गेल्या होत्या. पिशवी कोणीही आणली नव्हती.