धुतलेले तळवे

नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात एक कामगार रोज संध्याकाळी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून थेट येई. नळावर हात धुऊन तो ग्रंथपालबाईंना दोन्ही तळवे दाखवी आणि यंत्रशास्त्राचे एकच पुस्तक मागत असे. ती एकमेव प्रत मी माझ्या खात्याच्या परीक्षेसाठी शब्दकोशांमागे दडवली होती. तो विचारू लागला की मी मान खाली घालून वाचत राही.

एका शुक्रवारी बाई म्हणाल्या, “चोरलं असेल कुणीतरी, अण्णा.”

“छे, अक्का. त्याचीही परीक्षा असेल. माझी सोमवारी आहे, त्याची स्वल्प आधी असेल.”

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक गुपचूप जागेवर ठेवले आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत दाराकडे पाहत बसलो. तो आला नाही; पुढेही कधी दिसला नाही.

आजही पुस्तक मागताना माझे तळवे आपोआप पुढे होतात.