स्वखुशीने

माझी मावशी कोर्टाच्या व्हरांड्यात टायपिंग करते. एक टेबल, दोन खुर्च्या आणि कार्बनने कायमची निळसर झालेली बोटं. कुणी गहिवरून सांगायला लागलं की मान वर न करता म्हणते, "आधी रडून घ्या, मग एका दमात लिहू." अर्ज कसलाही असो, शेवटची ओळ तिची बोटं आपसूक उमटवतात : 'वरील अर्ज मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना करीत आहे.' ही ओळ नसली की खिडकीतला कारकून कागद परत फेकतो. तीस वर्षांची सवय.

तिच्या मुलीला आम्ही बडबडी म्हणतो, कारण ती दिवसाला चार-पाच शब्द बोलते. ती नऊ वर्षांची असताना शाळेने मावशीला बोलावून घेतलं.

"हजेरीला कुणाचंही नाव घ्या, ही उठून 'हजर' म्हणते," मुख्याध्यापक म्हणाले. "साठ मुलं, साठदा हजर. वर्गाच्या बाई रडकुंडीला आल्यात."

"गैरहजर तर म्हणत नाही ना?"

ते हसले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "आम्ही काढलं तर दाखल्यावर शेरा बसेल. तुम्हीच अर्ज द्या, दाखला कोरा राहील. दुसरीकडे घालता येईल."

मावशीने अर्ज स्वतःच टाइप केला. नीट समास सोडून, दोन प्रतींत, शेवटच्या ओळीसकट.

दुसरीकडे तोंडीच नकार मिळत गेले. तेव्हा कायदाही तसाच होता. 'शिकण्यास अपात्र' एवढे दोन शब्द लिहिले की शाळा मोकळी. पुढे एका बसचालकाने आपल्या मुलासाठी त्या दोन शब्दांवरच दावा लावला. दाव्याचा मसुदा मावशीच्याच यंत्रावर उतरला. त्यातली कलमं ती भाजी निवडताना पुटपुटायची. चालक जिंकला. पाठोपाठ नियम आले : शाळेने पटावरून काढलेल्या प्रत्येक मुलाला त्याच शाळेने परत घ्यायचं, सोबत मदतनीस शिक्षिका द्यायची, अठरा पूर्ण होईपर्यंत.

मावशी त्याच आठवड्यात शाळेत गेली. शाळा नाही म्हणाली, म्हणून मग कोर्टात. ज्या दाराबाहेर ती आयुष्यभर बसली, त्या दाराच्या आत ती पहिल्यांदाच उभी राहिली. शाळेच्या वकिलाने फक्त एक कागद पुढे केला.

"हा अर्ज तुमचा?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हो."

"टाइप कुणी केला?"

"मीच."

"ही शेवटची ओळ घालायला कुणी सांगितलं?"

खोटं बोलायला एवढी एकच जागा होती. मावशीला ते जमलं नाही. "कुणी नाही, बाईसाहेब. ती हातातूनच येते."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून ठेवला. "मला कळतंय. पण शाळेने काढलं नाही, तुम्ही काढून घेतलंत. नियम काढलेल्यांसाठी आहे. आणि नव्याने प्रवेश द्यायचा, तर वय चौदाच्या आत हवं."

बडबडीला चौदा होऊन दोन महिने झाले होते.

"वरच्या कोर्टात जाऊ," बाहेर आल्यावर आमचे वकील म्हणाले.

"निकाल कधी लागेल?"

"लवकरात लवकर म्हणजे... चार वर्षं."

मावशीने नकारार्थी मान हलवली आणि टेबलावरच्या यंत्राचं कापड काढलं. गिऱ्हाईक थांबलं होतं.

बडबडी आता तिच्या शेजारी बसते. कोऱ्या कागदांत कार्बन घालून देते. एकही उलटा जात नाही. अकराला पट्टेवाला दारात येऊन पक्षकारांची नावं पुकारतो, आणि दर नावाला ती उभी राहते. "हजर."

"अहो, हिला आवरा जरा," तो कावतो. "खरा पक्षकार बाजूलाच राहतो!"

"एकदा आवरलं होतं," मावशी म्हणते आणि पुढचा कागद यंत्रात सरकवते.