भिंत आली, शेठ

माधवभाऊ कॅमेरा डोळ्याला लावून मागे मागे जायचे आणि पाठ टेकली की ओरडायचे, "भिंत आली! आता तुम्ही सरका जवळ." हैदराबादेत, काचीगुड्यातल्या आमच्या मराठी घरांत बारसं असो की साखरपुडा, फोटो काढायला तेच येत आणि घरोघरी हीच ओरड ऐकू येई. कारण त्यांच्याकडे लेन्स एकच होती. पुरीएवढी, चपटी, झूम नसलेली.

ती घेताना मी बरोबर होतो. सुलतान बाजारात माझं साड्यांचं दुकान आहे. फुटपाथवर ब्लाऊजपीस विकत तिथवर आलो. घासाघीस करायची असली की लोक मला सोबत नेतात. मी त्या कॅमेरेवाल्याला इतका पिळला, की तो म्हणाला, "सेठ, जान लेते क्या?" आणि थोडक्या फरकात झूम लेन्स द्यायला तयार झाला. माधवभाऊंनी मान हलवली. "नक्को. झूम लावली की माणूस जागचा हलत नाही."

माल म्हणून बोलायचं तर लेन्स वाईट नव्हती. स्वस्त, खिशात मावणारी. देवघरात समईच्या उजेडातही फ्लॅश लागत नसे. चेहरा असा उठून यायचा, की मागचं सगळं विरघळून जाई. एवढीशी वस्तू पाहून माणसं आखडतही नसत. पण अंग प्लॅस्टिकचं, फोकस करताना कुरकुर, आणि आमच्या छोट्या हॉलमध्ये चार-पाच माणसं फोटोत मावायची तर खांद्याला खांदा लागलाच पाहिजे. मी म्हणायचो, "हा दोष आहे." ते हसायचे. "शेठ, ह्याच्यासाठीच तर घेतली."

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला ह्या दोषाने माझा घात केला. कार्यक्रम दादाच्या घरी होता. आईची इच्छा एकच, दोन्ही लेक दोन बाजूंना घेऊन एक फोटो. दादा आणि मी बोलत नव्हतो. आजही बोलत नाही. मी घाम गाळून उभं केलेलं दुकान वडिलांच्या पैशावर झालं, असं तो पाहुण्यारावळ्यांत सांगतो. आई खुर्चीत बसली. दादा एका टोकाला, मी दुसऱ्या.

"भिंत आली, शेठ. सरका."

"तुम्ही मागे व्हा."

"भिंत फोडू का?"

लोक हसले आणि माझं डोकं फिरलं. "हे भंगार घेऊन कार्याला येता कशाला? मी झूम घ्या म्हणत होतो ना!"

माधवभाऊंनी कॅमेरा खाली केला. दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आईचा एकटीचाच फोटो काढला. त्यात तिची सुरकुती न् सुरकुती दिसते. तिने कुणाची तरी वाट पाहावी तसे डोळे. मी नाही त्यात. चांगली लेन्स असती, तर जागच्या जागी आलो असतो.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्या छातीने दगा दिला. दवाखान्यात गेलो, पण राग होताच. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. नाकात नळी, तरी त्यांनी डोळे बारीक करून अंतर मोजलं. "शेठ, तिथून चेहरा येत नाही." मी स्टूल ओढलं. फार नाही, थोडंच. त्या आठवड्यातच ते गेले.

दिवाळीच्या पाडव्याला आईने पुन्हा तोच हट्ट धरला. आता तिला धड बसवतही नव्हतं. खुर्चीत उशा लावून टेकवली. माझ्या मुलीने मोबाइल काढला. "बाबा, वाइडवर घेते. कुणी हलू नका."

कुणी हललं नाही. दादा खिडकीजवळ, मी दाराशेजारी, मध्ये आई. सगळे आले, अगदी पंख्यासकट. मी बोललोच, "बघा, लेन्स अशी पाहिजे."

आईने मोबाइल डोळ्यांशी धरला.

"माझ्या दोन्ही बाजूंना कोण यायचं राहिलंय रे?"

दादा खिडकीबाहेर पाहू लागला. मी एक पाऊल मागे सरलो, आणि पाठीला भिंत लागली.